पत्रकाची कोरी बाजू

गणित अवघड असतं ही अफवा आहे आणि ती पसरवणारे त्याचा पगार घेतात, असं मी एका पत्रकात छापलं होतं. तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीमागं, विहाराच्या ओट्यावर फुकट शिकवणी घेत होते. माझं म्हणणं आजही तेच आहे. पण त्या पत्रकात आणखी चार ओळी होत्या, आणि त्या मला आजही परत घेता येत नाहीत.

माझी थोरली बहीण दहावीला सगळ्या विषयांत पास झाली, एकट्या गणितात गेली. पुढच्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावलं. मध्यस्थ मामांनी शिरूरच्या पाहुण्यांना ठोकून सांगितलं, "पोरगी दहावी झालीया." आमच्या घरात कुणी हूं की चूं केलं नाही. तीन-चार वर्षांनी सासऱ्यांच्या मनात आलं, सुनेनं अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज करावा. ते मार्कशीट मागायला लागले. ताई म्हणायची, दौंडला राहिलीय, आणते. वर्षभर हेच.

पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली, ती सातव्या महिन्यात. आल्या संध्याकाळीच मला म्हणाली, "मार्चला बसव मला. गुपचूप. बीजगणित आन् भूमिती, दोनच पेपर. जागा निघायच्या आत मला तो कागद पायजे."

स्टेशनसमोर नुकताच सायबर कॅफे निघाला होता. तिथं मला गणिताच्या खेळांच्या साईट सापडल्या. सगळ्यांवर 'फ्री' लिहिलेलं. कॅफेवाल्याच्या भिंतीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं! एक पान उघडेपर्यंत मनमाडकडची गाडी इंजिन दुसऱ्या टोकाला लावून निघूनही जायची. आणि सगळं इंग्रजीत. परदेशातल्या पोरांनी खेळत शिकायचं, आमच्या पोरींनी हातावर पट्टी खायची. मी चिडून चिडून वहीत उतरवून घ्यायचे.

कागदाची मात्र चिंता नव्हती. पत्रकांचे गठ्ठे घरात पडलेले असायचे, एका बाजूनं छापलेले. आमच्याकडं छापील बाजू कुणी वाचायचं नाही. वाण्याची यादी, वडिलांच्या ड्युटीची वेळ, शेजारच्या मावशीचा निरोप, सगळं मागच्या कोऱ्या बाजूवर. आमच्या घरात तीच पुढची बाजू होती.

त्याच कागदाचे मी त्रिकोण कापले. ताईला म्हटलं, "तिन्ही कोपरे फाड. आता टोकं एकमेकांना लावून ठेव."

तिनं पोटावरून कष्टानं वाकून ते फरशीवर जुळवले. सरळ रेघ झाली.

"हा त्रिकोणच तसला आसंल."

"मग तू काप. हवा तेवढा वाकडा."

तिनं मुद्दाम भलताच निमुळता कापला. फाडला, जुळवला. परत सरळ रेघ. "आगं, आन् गुरुजींनी हे आमाला नुसतं पाठ करायला लावलं व्हय?" आणि मग एकामागून एक त्रिकोण फाडत सुटली. आई ओरडली, "बाळंतपणाला आलीस का कागदं फाडाया?"

बीजगणितासाठी काडेपेट्या. बंद पेटी म्हणजे क्ष. दोन पेट्या आणि तीन काड्या एकीकडं, तेरा काड्या दुसरीकडं; पेटी न उघडता सांग, आत किती? ती डोळे मिटून पुटपुटायची, "पाच," आणि पेटी उघडून मोजायची. बरोबर आलं की काड्या माझ्या अंगावर उधळायची. "आजून एक दे." रात्री बाळाला मांडीवर घेऊनसुद्धा, "आजून एक दे." तो आवाज मी नंतर फार शोधला.

जानेवारीत ती शिरूरला परत निघाली. पेपरांच्या वेळी बाळाला डोस द्यायच्या निमित्तानं यायचं, असं आमचं ठरलं. जाताना तिनं माझ्यापुढं दोन काडेपेट्या ठेवल्या, दोरा गुंडाळून बांधलेल्या. "दोन्हीत सारख्याच काड्या. दोन पेट्या आन् पाच काड्या म्हंजी सत्तावीस. सोडव. पर उघडू नको, मी आल्यावर उघडू." सरावासाठी त्रिकोणांची चळत तिनं बाळाच्या लंगोटांच्या बोचक्यात घातली.

त्यातला एक त्रिकोण सासऱ्यांच्या हाती लागला. त्यांच्या घरात पत्रकाची छापील बाजू वाचत होते.

ते एसटीनं दौंडला आले. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्रिकोण वडिलांच्या पुढ्यात ठेवला. त्यावर माझंच वाक्य होतं: आमच्याच घरातली गोष्ट घ्या. आमची ताई सगळ्या विषयांत पास झाली, फक्त गणितात नापास केली गेली, आणि तिला शिरूरला देऊन टाकलं. मागच्या जूनमध्ये रागाच्या भरात मी ते लिहिलं होतं. तिला विचारलं नव्हतं.

"पाव्हणं," सासरे म्हणाले, "पोरगी नापास हाय, त्याचं काय न्हाई वो. पर तुमी आमाला येडं समजला."

मी माफी मागायची सोडून भाषण दिलं. शिक्षणव्यवस्था, मध्यस्थ मामा, सगळ्यांना धुतलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि उठले.

आठवड्यानं हॉलतिकीट घेऊन मी शिरूरला गेले. सासऱ्यांनी अडवलं नाही. उलट म्हणाले, बसू द्या तिला. ताईनंच ते हातात घेतलं नाही. बाळाचे कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "आता पास होऊन कुणापुढं नाचवू? समद्या गावाला ठावं झालं. तू सगळ्या जगाला सांगतीस, बाई. मला तेवढं इचारत न्हाईस."

मार्चमध्ये दोन्ही पेपरांच्या दिवशी मी शिरूरच्या गाड्या बघत एसटी स्टँडवर उभी राहिले. ती आली नाही.

शिकवणी अजून चालू आहे. पोरं त्रिकोण फाडतात, मी आधी कागद उलटून बघते. ताईकडं जाते, ती जेवायला वाढते, दाजींच्या सणसवाडीतल्या कंपनीचं सांगते. गणिताचा विषय निघाला की म्हणते, "भाजी घे."

त्या दोन पेट्या माझ्या फळीवर आहेत. आईनं चुलीसाठी दोनदा मागितल्या, दिल्या नाहीत. आत अकरा अकरा काड्या आहेत, ते मी त्या जानेवारीत तिची एसटी दिसेनाशी व्हायच्या आत सोडवलं होतं. दोरा अजून तिनं बांधला तसाच आहे.