सहा क्लोरीन मावत नाहीत

कुठल्याही विषयावरून गंधकावर येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. भाऊजी सावली गावच्या शाळेत विज्ञान शिकवत. बोलणं धानाच्या रोवणीचं असो की कोणाच्या तेरवीचं, थोड्याच वेळात ते सांगू लागत, की गंधकाच्या एका अणूभोवती फ्लोरीनचे सहा अणू असे घट्ट बसतात की पाण्यालाच काय, अ‍ॅसिडलाही हलत नाहीत; क्लोरीन मात्र अंगानं थोराड, त्याचे सहा मावत नाहीत, म्हणून ती वस्तू जगात होतच नाही. पटवण्यासाठी ते लिंबाभोवती सहा आवळे रचत, मग आवळे काढून बेलफळं. बेलफळं एकमेकांना ढकलून घरंगळली की शांतपणे म्हणत, "पाहा. नाई होत."

आयोडीन आणि अमोनियापासून जे होतं ते वाळल्यावर माशी बसली तरी फुटतं, हे वाचल्यापासून त्यांनी जखमेवरचं आयोडीन स्वतःच्या घरी ठेवलं आणि अमोनियाची बाटली आमच्या घरी. आम्हाला हा मान वाटत असे.

ताईचं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपली. ताईला निजवल्यावर सुईण चढली, मागोमाग ताईची सासू, आमच्या आत्या, मावशी आणि दोन शेजारणी. भाऊजींनी वर्गातल्या आवाजात सांगितलं, "उतरा, बाई. सहा क्लोरीन मावत नाई."

"मले क्लोरीन म्हणते हा," म्हणत आत्या उतरल्या. त्या पुढे वर्षभर भाऊजींशी बोलल्या नाहीत.

सुईण तेवढी राहिली. भाऊजी गाडीचा दांडा धरून पायी चालले, मागे मी. वैनगंगेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. त्यांना गप्प पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

गाडीतून ताईचा आवाज आला, "काऊन गप्प आहा? सांगा ना ते गंधकाचं."

त्यांनी सांगितलं. धुळीतून चालत, पहिल्या अणूपासून सगळं सांगितलं. संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. सहा क्लोरीन का मावत नाहीत, असं मी एकदा ताईला विचारलं.

"मले काय मालूम," ती म्हणाली. "ते सांगत होते, आन् मी त्याईचा आवाज आयकत होती."