शेणवाल्या डॉक्टरांचा अर्ज

आमचे शेणवाले डॉक्टर कोणत्याही प्रश्नाला सरळ 'हो' म्हणत नसत. अंधेरीच्या कचेरीसमोर माझे अर्ज लिहिण्याचे टेबल होते. तिथे एकदा मी त्यांना विचारले, "डॉक्टरसाहेब, आज मंगळवार ना?" ते म्हणाले, "असावा. सकाळी पेपर पाहिला नाही."

जनावरांच्या पोटातील कृमी हा त्यांच्या संशोधनाचा विषय. जोगेश्वरीच्या तबेल्यांत हिंडून ते म्हशींचे शेण लहान डब्यांत भरून नेत, म्हणून हे नाव पडले. ते त्यांच्या कानावर होते. "बरोबरच आहे," ते म्हणत, "दुधासाठी सगळेच येतात. शेणासाठी मी एकटा."

मला त्यांनी एकदा आपल्या खोलीवर नेले. शेण पाण्यात कालवायचे, गाळायचे, गाळ खाली बसू द्यायचा, वरचे पाणी ओतून पुन्हा नवे घालायचे, असे ते तासभर करीत राहिले. मला कंटाळा आला. "घाईनं ओतलं की अंडं निसटतं," ते म्हणाले, "आणि आपण म्हणतो, म्हैस निरोगी आहे." मग त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून एक सोनेरी अंडे दाखवले. सातवी शिकलेल्या माणसाला इतक्या आदराने दुसऱ्या कोणी काही दाखविल्याचे मला स्मरत नाही.

त्या अंड्यातील जीव पाण्यातल्या गोगलगायीत वाढतो, तिथून गवताला चिकटतो आणि गवताबरोबर म्हशीच्या यकृतात जातो. तबेल्यांना गवत पुरवणाऱ्या फ्रान्सिसबाबांच्या नाल्याकाठच्या तुकड्यावर डॉक्टरांचा संशय होता. फ्रान्सिसबाबा तिथल्या जुन्या गावठाणातले. घर चालत होते ते त्या गवतावर. तरी त्यांनी डॉक्टरांना गोगलगायी मोजू दिल्या, कारण डॉक्टरांनी शब्द दिला होता, "पुरावा मिळेपर्यंत तुमच्या गवताला कोणी हात लावणार नाही."

एक पावसाळा पाहून झाला. दुसरा पाहण्यासाठी सरकारी खात्याकडून संशोधनाला वर्षभराची मुदतवाढ हवी होती. डॉक्टरांनी मला मजकूर सांगितला, "सदर गवतातून रोग पसरत असावा अशी शंका आहे, खात्री नाही."

मी म्हणालो, "साहेब, अर्जात शंका लिहू नये. शंका लिहिणाऱ्याला सरकार काही देत नाही."

"पण खात्री नाहीच ना, भाऊसाहेब."

मी मान डोलावली. वीस वर्षे मी अर्ज लिहीत होतो. माझ्या अर्जांवर विधवांना पेन्शन मिळाली होती, बंद नळांना पाणी आले होते. या भल्या माणसाचे काम त्याच्याच भिडस्तपणामुळे अडू नये, म्हणून टंकताना मी लिहिले, "सदर गवतातूनच रोग पसरतो, हे निर्विवाद सिद्ध झाले आहे." डॉक्टरांनी न वाचता सही केली. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

महिन्याने उत्तर आले. संशोधन सिद्धीस गेले असल्याने मुदतवाढीचे कारण उरत नाही. सदर गवत कापण्यास व विकण्यास मनाई करण्यात येत आहे.

डॉक्टर माझ्या टेबलापाशी उभे राहून अर्जाची प्रत वाचत होते, तेवढ्यात मनाईचा कागद घेऊन फ्रान्सिसबाबा आले. "डॉक्टर, तू माझ्या घरात जेवलास ना रे? जेवलास आणि हे लिवलंस?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी टंकयंत्राची फीत सारखी करू लागलो. ते फ्रान्सिसबाबांना म्हणाले, "सही माझी आहे. मी वाचायला हवं होतं."

"वाचायला? तूच लिवलंस नि तूच वाचायचं? चांगला शिकलेला आहेस!"

फ्रान्सिसबाबा गेल्यावर डॉक्टरांनी मला नवा अर्ज सांगितला. 'लेखनिकाच्या चुकीमुळे' असे घालू का, असे मी हळूच विचारले. घालू नका, एवढेच ते म्हणाले. मी लिहिले, "खात्री नसताना खात्री आहे असे मी कळविले. मनाई उठवावी." आयुष्यात मी इतका बोडका अर्ज लिहिला नव्हता. तो मंजूर झाला. गवत सुटले. शासनाची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवून डॉक्टरांना दूरच्या जिल्ह्यात औषधांच्या गोदामावर धाडले. दुसरा पावसाळा कोणीच मोजला नाही. तबेल्यांतल्या म्हशी मात्र पूर्वीसारख्याच खंगत राहिल्या.

जाण्याच्या दिवशी ते मला भेटायला आले. रागावले असते तर मी सुटलो असतो. ते म्हणाले, "भाऊसाहेब, चष्मा बदला. वाकून लिहिता."

पुढच्या वर्षी फ्रान्सिसबाबा घरपट्टीचा अर्ज लिहायला माझ्यापुढे बसले. अर्ज होईपर्यंत ते डॉक्टरांना शिव्या देत होते. मध्येच थांबून त्यांनी विचारले, "तुमची त्याची बैठक होती ना? माणूस असाच खोटा होता काय हो?"

मी कागदावरून मान वर न करता म्हणालो, "आम्हाला काय ठाऊक, बाबा? आम्ही सांगतील ते लिहिणारी माणसं."