खरपुडी कुठं हाय

तेलगावात कुणाची पाण्याची मोटार जळली, की ती बद्रीनाथच्या दुकानात येते. तांब्याच्या तारेचे वेढे घालायला तो बसला, की शेजारून वरात गेली तरी मान वर करायचा नाही. पण या पावसाळ्यात त्याचं कामात मन लागेना. कारण त्याची माय.

बायनाबाई नेकनूरच्या पलीकडं, डोंगरातल्या वाडीवर एकटीच राहायची. उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडली. हाड काही मोडलं नाही, पण बद्रीनाथनं तिला तेलगावला आणून ठेवली. आणि मग हळूहळू घरच्यांच्या ध्यानात आलं, की म्हातारी भलतंच बोलते.

वनमाला, त्याची बायको, विचारायची, "आत्याबाई, बाजरीची भाकर वाढू का?"

"आज कुठला बाजार बाई," बायनाबाई म्हणायची. "मंगळवारी असतोय."

वनमाला भाकर ताटात वाढायची. बद्रीनाथला मात्र त्याची मावशी आठवायची. तीही अशीच भ्रमिष्ट होऊन गेली होती. शेवटी शेवटी पोटच्या पोरीला म्हणाली होती, कोण गं तू, कुणाकडं आलीस?

पाऊस पडून माळ हिरवे झाले, तसं नवंच निघालं. माय रोज म्हणायला लागली, "बद्री, खरपुडी आली असंल रे आता. बघ की जरा."

खरपुडी म्हणजे जालन्याजवळचं गाव, एवढं बद्रीनाथला ठाऊक. "तिथं आपलं कोण हाय, माय? कोण येणार हाय तिथून?"

"कंदील लागले असतील," ती आपल्याच नादात बोलायची. "बारके बारके. काट्याकुट्यात."

"अहो, एकदा दवाखान्यात दाखवू," वनमाला म्हणायची. तो म्हणायचा, मोटारी लई आल्यात, सवड न्हाई. खरं तर डॉक्टरच्या तोंडून ते दुखणं ऐकायची त्याची छाती नव्हती.

श्रावण सरता सरता पाशाचा फोन आला. पाशा फळांचा व्यापारी, बद्रीनाथचा जुना दोस्त. नेकनूरकडं डोंगराच्या पायथ्याला त्यानं सीताफळाची बाग हंगामापुरती खंडानं घेतली होती आणि तिथली बोअरची मोटार बंद पडली होती. बद्रीनाथ मोटार खोलून बसला. पाशाला नवा नाद लागला होता. मोबाइलमध्ये झाडं ओळखायचं ॲप घेऊन तो बांधाबांधानं फोटो काढत हिंडायचा. बागेतलं तण ओळखायला म्हणून घेतलं, आणि मग दिसेल त्या पाल्याचं नाव विचारायची सवयच पडली.

"अबे बद्री, इकडं ये!" वरच्या खडकाजवळून त्यानं हाक मारली. "असलं फूल कधी बघितलंस का?"

हात पुसत बद्रीनाथ वर गेला. बोरीच्या जाळीत दोऱ्यासारखा बारीक वेल चढला होता. पानं मांसल. आणि फूल असं, की बघतच राहावं. बुडाला फुगीर, मधे नळी, आणि वर जांभळट पाकळ्या शेंड्याला एकमेकींना चिकटून झालेला इवलासा पिंजरा.

पहिल्या फोटोला ॲपनं भलतंच काहीतरी सांगितलं. पाशानं फूल जवळून टिपलं. मग इंग्रजीत लांबलचक नाव आलं, त्याखाली मराठीत बारीक अक्षरं. पाशानं वाचली, "खर्पुडी. कंदीलपुष्प. आपल्याच माळावरलं हाय बे हे. खाली कंद असतोय म्हनं."

बद्रीनाथनं फोन त्याच्या हातातून ओढून घेतला. स्वतः वाचलं. परत वाचलं. मग तिथंच खडकावर बसला आणि तोंड ओंजळीत धरलं.

"काय झालं बे? काय चावलं का?" पाशा घाबरला.

"न्हाई बे." बद्रीनाथनं फुलाकडं बोट केलं. "माझी माय येडी न्हाई."

पाशा कंद उकरायला काडी शोधत होता, पण दुसरा वेल आसपास कुठं दिसेना. एकुलता एक उकरणं दोघांनाही पटलं नाही. फोटो तेवढे घेतले.

संध्याकाळी बायनाबाईनं फोन नाकाजवळ धरला आणि तिचा चेहराच बदलला. "हीच की रे! आमी दोघी बहिणी शेरडं वळताना उकरून खायचो. वरली साल काढायची, आतून काकडीवानी कंद. कुठं भेटली?"

"पाशाच्या बागेत," तो म्हणाला.

"जागत? मी कशाला जागू?"

बद्रीनाथ थबकला. एरवी तो इथं घाबरून विषय सोडायचा. आज डोकं शांत होतं, मोटारीतला फॉल्ट शोधताना असतं तसं. उठून तो तिच्या मागं गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "माय." तिनं वळून बघितलं नाही. पुढं येऊन तोंडासमोर म्हणाला, तर लगेच "काय रे?"

सकाळच्या पहिल्या गाडीनं तो तिला बीडला कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. डॉक्टरनं बत्ती लावून आत बघितलं. "मळाचा दगड झालाय दोन्ही कानांत," तो म्हणाला. थेंब टाकून, धुऊन मळ काढला, मग बराच वेळ तिच्याशी गप्पा मारल्या. गाव कोणतं, सुनेचं नाव काय, काल काय खाल्लं. तिनं सगळं बरोबर सांगितलं. वयामानानं ऐकू थोडं कमी येणार, डोक्याची काळजी करू नका, असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा बद्रीनाथनं वाकून त्याला हात जोडले.

बाहेर रस्त्यावर आल्याबरोबर बायनाबाईनं पदर कानावर ओढला. "लई गोंगाट हाय रे बाबा बीडात!"

तो हसत सुटला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. वनमालाला फोन लावला. आणि तो थेट मायच्या कानाला धरला.

पलीकडून वनमाला काहीतरी बोलली. "हां गं, ऐकू येतंय," बायनाबाई म्हणाली. "येताना काही आणायचं हाय का?"