साडूंची मळमळ आणि पाच पूल

आमच्या साडूंइतका स्थिर माणूस कावेरीच्या अख्ख्या मुलखात सापडायचा नाही. हे कौतुक समजावं की तक्रार, ते मला पस्तीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. कारण त्यांच्या स्थिरपणाचं मूळ स्वभावात नसून पोटात आहे. जरा हललं की त्यांना मळमळतं. बस, मोटार, रिक्षा सोडाच, त्यांच्या स्वतःच्या लग्नात वधूवरांना झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दोन मामांना साखळ्या घट्ट धरायला लावल्या होत्या. बायका झोके द्यायची गाणी म्हणत होत्या आणि मामा घामाघूम होऊन झोपाळा थोपवून उभे होते. देवळाचा रथ कोपऱ्यावर वळू लागला की सगळे हात जोडतात. हे आधी पायरी शोधून बसतात, मग जोडतात. "रथ बघूनसुद्धा?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "रथ बघून नव्हे हो राव. कळस डुलतो की!"

अशा माणसाचा हेवा कोण करील? मी करतो. ते थोरले जावई, मी धाकटा. सासुरवाडीला पहिलं पान त्यांचं, सांबारातला तळचा दाट भाग त्यांचा, आणि माझ्या पानापर्यंत येईतो त्याचं रसम झालेलं. सत्तरीला आले तरी केस काळे, आणि ते रंगवलेले नाहीत याची मी खात्री करून घेतली आहे. राजवाड्याजवळच्या गल्लीत त्यांचं घर आमच्या समोरच, त्यामुळे रोज सकाळी ते केस वाळवताना दिसतात. माझ्याकडे त्यांच्यापेक्षा सरस अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझं पोट. मी घाटात, शेवटच्या बाकावर, परोटा खात पेपर वाचू शकतो. पण या गुणाबद्दल आजवर कुणी मला हार घातलेला नाही.

आणि एके दिवशी त्यांच्या सिंगापूरच्या मुलानं आईबापांना जहाजाची सफर भेट दिली. चेन्नईहून निघून श्रीलंकेला वळसा, पाच दिवस, खोलीला समुद्राकडे उघडणारी खिडकी! ही बातमी सांगायला अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, धावतच आली. नवऱ्याच्या मळमळीपायी ती लग्नानंतर कुंभकोणच्या पलीकडे गेलेली नव्हती. नागपट्टणमचा समुद्र इथून दोन-अडीच तासांवर, तोही तिनं पाहिलेला नव्हता. "ह्यांनी हौ म्हटलं!" असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती. माझ्या बायकोनं तिला मिठी मारली. मी अभिनंदन केलं, आणि ते करताना घशात जे काही आलं ते अगदी ओकारीसारखंच होतं.

जायला दोन महिने होते. साडूंनी ठरवलं की या अवधीत मळमळीवरचं खरं औषध शोधून काढायचं, आणि तेही ऐकीव नको, पारखून घ्यायचं. पारखायची जागा म्हणजे तिरुवैयारूची बस. त्या वाटेवर एकामागून एक पाच नद्या लागतात: वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. कुठल्या औषधानं किती पूल ओलांडता येतात, त्यावर त्याची लायकी ठरायची. साक्षीदार म्हणून शेजारी मी. "तुमचं पोट लोखंडी आहे, राव," ते म्हणाले, "तुम्हीच नीट बघाल." मला हार मिळाला तो असा.

पहिल्या मंगळवारी आल्याच्या वड्या झाल्या, बसमध्ये विकायला येतात त्या. वेण्णारच्या अलीकडेच आम्ही उतरलो. लिंबू हुंगून वेण्णार पार झाला. पण लिंबू इतकं जोरात हुंगलं की रस नाकात गेला आणि पुढचे दोन थांबे शिंकण्यात गेले. मुलानं मनगटाला बांधायचे पट्टे धाडले होते, नाडीवर बटण दाबणारे. ते दोन्ही हातांना बांधून साडू बसले, तेव्हा शेजारच्या बाईनं भक्तिभावानं विचारलं, "नवस कुठल्या देवाचा?" त्या देवानं वेट्टारपर्यंत नेलं. मग डॉक्टरांची गोळी. ती घेतल्यावर साडू वडवारच्या पुलावरच झोपले ते माझ्या खांद्यावर मान टाकून. चेहऱ्यावर असं समाधान की मला उठवावंसं वाटेना, आणि खरं सांगायचं तर माझाही डोळा लागला. कंडक्टरनं हलवून "अय्या, तिरुवैयारु पोच्चु!" म्हणजे "गेलं!" असं म्हटलं, तेव्हा तिरुवैयारु खरोखरच मागे पडलं होतं आणि आम्ही अरियलूरच्या स्टँडवर होतो. साडू खूश होते. "कावेरीसुद्धा पार झाली की!" पण अक्का म्हणाली, "पाच दिवस झोपूनच राहणार, तर मी समुद्र कोणाला दाखवू?" तेव्हा पूर्ण गोळी बाद झाली.

शेवटी अक्कानंच उपाय काढला: तिनं घरी मुरवलेलं, खारवून वाळवलेलं नारत्तंगाय, म्हणजे कडवट लिंबाच्या जातीचं एक मोठं फळ. त्याची फोड गालात धरायची, गोळी अर्धीच घ्यायची, पुढच्या बाकावर बसायचं आणि नजर दूर शेतांच्या कडेला ठेवायची. त्या दिवशी वडवार गेला, वेण्णार गेला, वेट्टार गेला. कुडमुरुट्टीवर बसनं मोठा हिसका दिला, साडूंनी फोड एका गालातून दुसऱ्या गालात नेली, बस्स. कावेरी पार करून ते तिरुवैयारूच्या स्टँडवर ताठ उतरले. ताजेतवाने, केस काळेभोर. मला त्यांच्यामागे जहाजाचा कठडा, निळं पाणी आणि ती उघडणारी खिडकी दिसू लागली.

"राव, माझा चेहरा कसा दिसतोय? खरं सांगा."

"हिरवट," मी म्हणालो.

"हिरवट?"

"ओठांभोवती जास्त. मला वाटतं, आत साठतंय."

माणूस विश्वासानं आजारी पडतो हे मी त्या दिवशी पाहिलं. परतताना त्यांनी दूर बघायचं सोडलं आणि ड्रायव्हरच्या आरशात स्वतःचे ओठ बघत राहिले. कुडमुरुट्टीच्या पुलावरच बस थांबवावी लागली. घरी गेल्यावर त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, "नक्को रे बाळा, रद्द करून टाक." मुलानं उद्यापर्यंत विचार करा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी बायको समोरून परत आली आणि जेवायला वाढताना म्हणाली, "अक्का रडली नाही. सफरीसाठी इस्त्री केलेली साडी परत कपाटात ठेवली आणि मला विचारते, आज भाजी कोणती केलीस?"

मी पान अर्धंच सोडलं. तशाच हातानं उठलो, चूळ भरली आणि रस्ता ओलांडला. साडू ओसरीवर बसले होते.

"तुम्ही हिरवे नव्हता," मी म्हणालो. "मी खोटं सांगितलं."

"कशाला?"

"मला जायला मिळत नाही म्हणून."

चिडतील, ओरडतील, निदान सासुरवाडीत सांगतील, आणि मग आयुष्यभर रसमाच्या पानावरसुद्धा माझा हक्क उरणार नाही, असं मला वाटलं. पण त्यांच्या डोळ्यांत हळूहळू उजेड आला. "म्हणजे मी पाचही पूल पार केले होते?"

"ताठ उतरलात."

"अगो!" ते आत बघून ओरडले, "साडी काढ! राव म्हणतात मी हिरवा नव्हतो!" आणि मला म्हणाले, "अर्धी गोळी बसच्या आधी किती वेळ घेतली होती, आठवतं का हो?" एवढंच. त्यानंतर त्या खोट्याचा उल्लेख त्यांनी कधी केला नाही. आता मला त्यांच्या या मनाचाही हेवा करावा लागतो.

ते गेले, आणि नीट परत आले. पहिल्या संध्याकाळी त्यांना एकदा झालं, मग नाही. आत बसलं की डोकं गरगरायचं, म्हणून ते दिवसभर डेकवर उभे राहायचे, गालात फोड, नजर क्षितिजावर. अक्काला मात्र काहीच होत नव्हतं. ती त्यांच्या शेजारी उभी राहायची. सकाळी चार-चार तास. "घरी दहा मिनिटं माझ्याजवळ थांबत नाहीत," ती हसून म्हणाली, "तिथं हलायची सोय नव्हती."

तिनं पाठवलेला फोटो माझी बायको कॉफी घेताना बघत होती. कुणीतरी पाठमोरा काढलेला: दोन पाठी, एक कठडा, पुढे नुसतं पाणी. बायकोनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. मला वाटलं समुद्र बघायचा असेल. पण तिनं अक्काचा हात मोठा केला होता. तो साडूंच्या शर्टाची बाही धरून होता.

"चार तास काय बोलत असतील हो?" तिनं विचारलं.

"कॉफीला कधी जायचं, ते विचारत असेल," मी म्हणालो.

"छे," ती म्हणाली, आणि पुन्हा फोटोत बघू लागली. मी पेपर उचलला होता, तो तसाच मांडीवर ठेवला आणि खुर्ची जरा तिच्याजवळ ओढली. कॉफी संपली. पण उठलो मात्र नाही.