जाऊबाई आणि न घेतलेला डबा

माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, पुढं हातात पेन आला तो किराण्याच्या यादीपुरता. जो कोणी ही वही उघडेल त्यानं चुका पोटात घालाव्यात. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. बाईंना जाऊन दीड महिना झाला, आणि त्यांच्याबद्दल चार माणसांत बोलायला गेलं की माझी जीभ टाळूला चिकटते, म्हणून लिहिते.

बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, प्रमिलाबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं आणि मीही तेच म्हणू लागले. फोन आला तेव्हा मी गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. निखिलचा होता. निखिल हा बाईंचा एकुलता मुलगा, पुण्याला नोकरी करतो. "काकू, आई गेली," एवढंच म्हणाला. मला डोळे पुसायचीही सोय नव्हती, दोन्ही हात मिरचीचे होते. तशीच बसून राहिले… आणि खरं लिहायचं तर थोड्या वेळानं मनात आलं, आता दुकानातले माझे दहा हजार कोण मागणार? अशा दिवशी असा विचार आला याची मला फार लाज वाटली. पण ते पैसे दुकानात कसे अडकले हे सांगितल्याशिवाय बाई कशा होत्या तेही सांगता येणार नाही.

मी लग्न होऊन उंद्रीजवळच्या आमच्या गावी आले तेव्हा घरात दोन गोष्टी नवीन होत्या, एक मी आणि दुसरा बाईंचा कॅमेरा. बाई कशाचाही फोटो काढायच्या. दर सव्वीस जानेवारीला वर्गातल्या पोरांचा तर काढायच्याच, पण बोअरला पाणी लागलं तो चिखल, घरात आलेला पहिला कुकर, व्यालेली म्हैस, सगळं. आमचे हे वैतागायचे, "वयनी, भाकर खाताना तरी सोडा माणसाले!" बाई म्हणायच्या, "तोंड बंद करून खाय मग, फोटो चांगला येईन." माझे वडील एकदा मला भेटायला आले होते. त्यांना गाडीत बसवायला आम्ही दोघी उंद्रीच्या स्टँडवर गेलो तेव्हा बाईंनी त्यांचाही काढला. उन्हामुळे त्यांनी कपाळावर हात धरलाय, काखेत करडीची पिशवी होती. पुढच्याच वर्षी वडील वारले. त्यांचा दुसरा फोटो कुठंही नाही, माहेरीही नाही.

निवृत्त झाल्यावर बाई तालुक्याच्या गावी, चिखलीला राहायला गेल्या. दोन खोल्यांचं घर, भाऊजी आधीच गेलेले, एकट्याच असायच्या. तिथं त्यांनी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच्याजवळ झेरॉक्ससारखं काचेचं एक यंत्र ठेवलं. घरातले सगळे जुने फोटो त्यांना कॉम्प्युटरात घालायचे होते. मी बाजाराच्या दिवशी जायचे. मऊ फडक्यानं मी फोटो पुसायचे, बाई तो काचेवर उलटा ठेवायच्या, मग दोघी मिळून यातला हा कोण आणि ती कोण ते ठरवायचो. मला शिकलेल्या माणसांसमोर बोलायची भीती वाटते, पण त्या कामात बाई मलाच विचारायच्या, कारण नाती मला पाठ होती. असं वर्षभर चाललं. माझ्या वडिलांचा कागदाचा फोटो गावाकडं भिंतीच्या ओलीनं कुजला होता, नुसता चेहरा आणि हात शाबूत होता, तोही आत गेला तेव्हा मी निश्चिंत झाले.

काम संपलं तेव्हा बाईंनी सगळ्याची आणखी एक प्रत पत्त्यांच्या कॅटाएवढ्या हार्डडिस्कवर काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "एक माह्याजवळ, एक तुह्याजवळ. या घराले काही झालं तं गावात तरी राहीन." मी ती फडक्यात गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवली. आमच्या घरात त्याहून जपून ठेवायची जागा नाही, माझी सोन्याची पोतसुद्धा तिथंच असते. गव्हाला किडा लागू नये म्हणून दर साली मी कोठीत गोळ्या टाकते, तशा त्या दोन सालीही टाकल्या.

मग माझ्या मुलानं लॅपटॉप घेतला. मी हौसेनं म्हटलं, सुनेला तिच्या आजेसासऱ्यांचा फोटो दाखव. डिस्क जोडली तर दिवाच लागेना. वायर बदलून पाहिली, काही नाही. आणि त्याच आठवड्यात बाई फोनवर म्हणाल्या होत्या की त्यांचा कॉम्प्युटर बंद पडलाय, दुकानात दिलाय. म्हणजे दोन्हीकडचं गेलं, असं मी धरून चालले. बाईंच्या वर्गातली सगळी पोरं गेली, माझा बाप गेला, आणि माझ्या हातानं गेला. बाईंना सांगायची हिंमत झाली नाही.

त्याच वेळी निखिल सुट्टीवर आला. त्याला तेवढं सांगितलं. तो मला चिखलीच्या त्याच दुकानात घेऊन गेला, बाईंचा कॉम्प्युटर तिथं अजून न उघडता पडला होता. दुकानदारानं डिस्क उघडून पाहिली, आतलं तांबं काळं पडलं होतं. "काकू, ही ठेवली कुठं होती?" मी सांगितलं. तो हसायला लागला. "अहो, त्या गोळ्यांची हवा तांब्याले खाते! किडेबी मेले अन् डिस्कबी मेली." निखिल म्हणाला, एका डिस्कचा भरवसाच नसतो, आता नॅस घेऊन टाकू. मला समजावं म्हणून त्यानं सोपं करून सांगितलं. नॅस म्हणजे घरच्या इंटरनेटला जोडून ठेवायचा एक डबा. त्यात दोन डिस्का असतात, एक बिघडली तर दुसरी चालू राहते. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलचे फोटो आपोआप त्यात जातात, पुण्यात बसूनही पाहता येतात. किंमत चाळीस हजारांच्या वर होती. माझ्याजवळ म्हशीची वगार विकल्याचे पंधरा हजार होते. दुसऱ्या दिवशी ते नेऊन मी दुकानदाराला दिले. निखिल म्हणत होता, "काकू, मी देतो ना सगळे." मी म्हटलं, "नाई बाबू, नुकसान माह्या हातानं झालं. अन् तुह्या आईले सांगू नको."

निखिलनं नाही सांगितलं. दुकानदारानंच सांगितलं. बाईंचा कॉम्प्युटर दुरुस्त झाला हे कळवायला त्यानं फोन केला आणि त्याच दमात बोलून गेला की काकूंचे पंधरा हजार जमा आहेत, डबा अकोल्याहून निघालाय. संध्याकाळी बाईंचा मला फोन. "मंदे, उद्या पहिल्या गाडीनं ये." बाकी काही नाही.

मी पहिल्या गाडीनं गेले. बाईंनी चहा दिला, कॉम्प्युटर लावला आणि समोर माझे वडील… कपाळावर हात धरून उभे. "पाह्य. तुहा बाप कुठीच नाई गेला. याचा वीज घेणारा भाग जळला होता फक्त, आतलं सारं जसंच्या तसं हाये." माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, मी पदर तोंडात कोंबून रडले. बाईंनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "आता सांग, पंधरा हजार काऊन दिले?"

"दंड समजून दिले, बाई."

"कोणं केला दंड? मी केला?"

बाईंनी वही उघडली, चष्मा लावला आणि निखिलला फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला. आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वस्तू चांगली हाये, मी नाई म्हणत नाई. पण आपल्याले लागते काय ते पाहू. आपले सारे फोटो अन् व्हिडिओ मिळून किती जागा खातात? एका साध्या डिस्कची अर्धी. घरात कॉम्प्युटर किती? एक. पाहणारं माणूस किती? मी एकटी. लाइन दिवसातून दोनदा जाते, वारा सुटला की नेट जाते. दोन डिस्का हायेत म्हणतो, पण डबा तं एकच ना रे? वीज पडली का चोर आला, तं दोन्ही संगंच जातीन."

निखिल म्हणाला, "आई, तू प्रत्येक गोष्टीत खोट काढतेस."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं. का कुणास ठाऊक, पण निघालं. "बाई, आपण सोयाबीनचं बी कधी एका घरी ठेवतो काय? अर्धं घरी ठेवतो, थोडं बहिणीकडं ठेवतो. अन् ठेवलं म्हणून पेरत नाई. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहतो, किती उगवले ते मोजतो, मग पेरतो. मी डिस्क ठेवली, पण दोन साल एकडावबी उगवून नाई पाह्यली. पाह्यली असती तं पयल्याच साली कळलं असतं."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मला वाटलं, काहीतरी अडाणीपणाचं बोलले. मग त्या फोनकडं वळल्या. "ऐकलं काय रे इंजिनियर?" मग निखिल म्हणाला, "काकूचं बरोबर आहे. डबा घेतला तरी एक प्रत घराबाहेर ठेवावीच लागते. आम्ही ऑफिसात तेच करतो." बाई खुदकन हसल्या, "मंग चाळीस हजार कायले घालवू? ज्याच्या घरी चार जण चार कॉम्प्युटरवर एकदम बसतात, त्यानं घ्यावा. आपल्याले दोन साध्या डिस्का पुरतात. एक मंदाकडं, एक तुह्याकडं पुण्याले. अन् मी गेल्यावर त्या डब्याच्या चाव्या-कुलपं कोण पाहत बसन?" हे शेवटचं त्या सहज बोलल्या. पोटाचा रिपोर्ट तेव्हा त्यांच्या पर्समध्ये होता. आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

उठून तशाच दुकानात गेलो. मी बाईंच्या मागं उभी. दुकानदार म्हणाला, डबा तर आला, आता अकोलेवाला परत घेत नाही, पाच हजार आज देतो, बाकी दहा डबा विकला की. बाईंना ते वाजवी वाटलं. मी दोन नवीन डिस्का घ्यायला त्यातले पैसे पुढं केले तर बाईंनी माझा हात मागं सारला आणि स्वतःच्या पर्समधून दिले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "उरलेले तू मांगशीन. पैसे तुहे हायेत."

"मले नाई जमत, बाई. तुम्हीच मांगा."

"मीच मांगत राह्यली तं तुले कधी जमन वं?"

पुढं दवाखान्यासाठी संभाजीनगरच्या चकरा सुरू झाल्या. बाई खंगत गेल्या, पण आवाज वर्गातलाच राहिला. अक्षयतृतीयेला मी भेटायला गेले, तर पिशवीतून डिस्क काढायला लावली. दर साली दोनदा तपासायची, अक्षयतृतीयेला आणि दिवाळीला, हा त्यांचा नियम. कुठलेही दहा फोटो उघडायचे. मी कॉम्प्युटरवर बसले, बाई पलंगावरून मोजत होत्या. एक उघडला की म्हणायच्या, "हं, पुढचा." पाचवा फोटो त्यांच्याच लग्नातला निघाला, तर म्हणाल्या, "ही कोण बाई वं एवढी जाड?" दहावा उघडल्यावर विचारलं, "किती उगवले?" मी म्हटलं, दहाच्या दहा. त्यांनी डोळे मिटले, समाधानानं. तीच आमची शेवटची भेट.

आता ती डिस्क माझ्या लोखंडी पेटीत साड्यांच्या घडीत असते, डांबरगोळी न टाकता. पुण्याची निखिल तपासतो आणि मला फोन करून सांगतो. त्या फोटोंची मला रात्रंदिवस जी धास्ती होती ती आता उरली नाही. बाई नाहीत याचं दुःख आहे, पण त्यांचं काम बुडालं नाही आणि ते माझ्या हातानं बुडालं नाही… हा सुटकेचा श्वास मी अजून घेते आहे.

तेरवी झाल्यावर निखिल माझ्या हातात पाकीट देऊ लागला. "काकू, दुकानाचे दहा हजार. तुम्ही कुठं मागत बसाल?" मी घेतलं नाही. दुसऱ्या सोमवारी एकटी एसटीत बसले आणि चिखलीला उतरले. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत बाहेरच उभी राहिले. दोनदा परत फिरावंसं वाटलं. मग आत गेले.

दुकानदारानं मान वर केली. "या काकू. बाई नाई आल्या आज?"

"बाई गेल्या," मी म्हणाले. "मी आली. माह्ये दहा हजार राह्यले."

त्याला माहीत नव्हतं. तो उठून उभा राहिला, बसायला खुर्ची दिली. म्हणाला, डबा मागच्याच आठवड्यात मेहकरच्या एका लग्नाच्या फोटोवाल्यानं नेला, त्याच्याकडं चार पोरं एकदम काम करतात, त्याला तो हवाच होता. "मी फोन करणारच होतो." करणार होता की नव्हता, देवाला ठाऊक. गल्ला उघडून त्यानं पाचशेच्या वीस नोटा काढल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. आजवर मी कुणासमोर पैसे मोजले नव्हते, समोरच्याला वाईट वाटेल म्हणून. त्या दिवशी मोजले. एकेक नोट, सावकाश, तो बघत असताना.

"बरोबर हायेत, काकू?"

"हाव," मी म्हणाले. "पंधरा पुरे झाले."