वाढत्या मापाची कुंडी

आमच्या गॅरेजमध्ये रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवल्यात. एक काढायला गेलं की चार हातात येतात. आमच्या गुरुवारच्या भजनातल्या गोष्टींचंही तसंच आहे. डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या आम्ही पाच-सहा घरच्या बायका, आणि किस्से मात्र गाडीभर. त्यातले हे तुळशीचे.

*

मागच्या वर्षी आमच्याकडे बाळकृष्णाचं लग्न प्लास्टिकच्या तुळशीशी लागलं. खऱ्या सगळ्या थंडीने गेल्या होत्या. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. आमच्यात सगळ्यात वडीलधाऱ्या सुलभाकाकू. त्या बाळकृष्णाकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "याच्या जागी मी असते तर उठून गेले असते."

सगळे हसले, मला हसता आलं नाही. कारण काकू पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात कायमच्या नाशिकला मुलाकडे जाणार होत्या. इथलं त्यांचं शेवटचं तुळशीचं लग्न यंदाचं. त्या रात्री देवापुढे बसून ठरवलं : पुढच्या वर्षी नवरी जिवंत असेल. यंदा चातुर्मासात गोड सोडलं, आणि रोप आलं की तुळशीला पाणी घातल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचा नाही असा नेम धरला.

*

श्रावणात बी टाकलं. तीन रोपं नीट आली. एक मी ठेवलं, एक काकूंना दिलं, एक मृणालला. मृणाल नागपूरची, आयटीत. तिने रोपासाठी एवढी मोठी कुंडी आणली की ती उचलायला नवरा लागला. मधोमध चार पानांची तुळस, मैदानात हरवलेल्या पोरीसारखी.

"अगं, एवढी मोठी कशाला?" काकूंनी विचारलं.

"वाढत्या मापाची घेतली, काकू. सारखं सारखं कोण बदलणार?"

आपण मुलांचे फ्रॉक, बूट, शाळेचा युनिफॉर्म, सगळं असंच घेत आलो. पण तुळशीला बाह्या दुमडता येत नाहीत. तेवढ्या मातीतलं पाणी त्या बोटभर मुळांना संपेना. पंधरवड्यात रोप काळं पडलं.

*

काकूंनी मृणालला तासभर समजावलं आणि स्वतःचं रोप दह्याच्या रिकाम्या डब्यात लावलं. तेही आठवड्यात पिवळं.

"काकू, डब्याला खालून भोकं पाडली होती ना?"

"भोकं पाडली तर परत दही कशात लावू?"

*

राहिलं माझं. मृणालचं बघूनही मी वाढत्या मापाचीच कुंडी दुकानातून आणत होते. ती जिन्यात घेऊन उभी असताना शेजारचा वॉल्टर भेटला. रिटायर्ड डेंटिस्ट, एकटा राहतो. तो इंग्रजीत बोलतो, मी माझ्या भाषेत सांगते.

"यात झाड लावणार आहात की आंघोळ करणार आहात?"

वॉल्टर गुडघेदुखीसाठी घरात गांजाची झाडं लावतो. आमच्या राज्यात त्याला परवानगी आहे. कपड्यांच्या कपाटात छोटा तंबू, वर दिवा, आत तीन-तीन गॅलनच्या कापडी कुंड्या. "पाच गॅलनच्या आणल्या होत्या," तो म्हणाला. "झाडं एवढी फोफावली की कपाटाचं दार लागेना. जागा लहान तर कुंडी लहान. आधी पेला, मग एक गॅलन, मग तीन. मुळं कडेला पोचली की पुढचं माप."

मी मोठी कुंडी परत करून एक गॅलनची घेऊन आले.

*

ऑक्टोबरात खिडकीशी गारठा आणि घरात हीटरची कोरडी हवा. तुळशीने मान टाकली. वॉल्टर म्हणाला, "माझ्या तंबूत ठेवा. ऊब आहे, उजेड आहे."

आमचे हे दचकले. "ग्रीन कार्डाचं काम चालू आहे. देशाच्या फेडरल कायद्यात गांजा अजून बसत नाही. तुळस ठेव, पण त्या झाडांना बोटसुद्धा लावायचं नाही."

मला वेगळीच धाकधूक. काकूंना विचारलं, तुळस गांजाशेजारी चालेल का?

काकूंनी विचार केला. "ती महादेवाची वस्तू, ही विष्णूची. देव्हाऱ्यात दोघे एकत्र बसतात ना? मग कपाटात काय झालं?"

*

रोज सकाळी तांब्या घेऊन वॉल्टरच्या दारात. चौथ्या दिवशी त्याने दार अडवलं.

"आज पाणी नाही. कुंडी उचलून बघा, अजून जड आहे. तुम्ही तिला बुडवताय."

"पाणी घातल्याशिवाय मला चहा घेता येत नाही."

"डॉक्टरांनी सांगितलंय?"

"देवाला सांगितलंय."

त्या दिवशी पाणीही राहिलं आणि चहाही. दुसऱ्या दिवशी गेले तर तुळस गॅलनच्या कुंडीतून निघून लहानशा कापडी कुंडीत बसलेली. मी म्हटलं, माप कमी केलंत?

"मोठ्या कुंडीत तुमचं रोजचं पाणी साठतं. हिच्यात एका दिवसात सुकेल. म्हणजे रोज लागेलच," तो म्हणाला. "थोडंच घाला. आणि मग चहा प्या, तुमचा चेहरा उतरलाय."

तांब्या घरी ठेवून मी पळी न्यायला लागले. दिवाळीपर्यंत तुळशीला मंजिऱ्या आल्या.

*

लग्न आमच्या हॉलमध्ये. मृणालचा नवरा हौशी भटजी, फोनवरून मंत्र वाचत होता. बाळकृष्ण पाटावर, अंतरपाट धरलेला, काकू पुढच्या खुर्चीत.

"मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

आमचे हे उठायला लागले. काकूंनी काठी आडवी धरली. "तू बाप आहेस. बस."

तेवढ्यात दार उघडलं. बाहेर बर्फ भुरभुरत होता. टाय लावलेला वॉल्टर, आणि गार वारा लागू नये म्हणून कोटाच्या आत धरलेली तुळस. बटणांमधून फक्त मंजिऱ्या दिसत होत्या.

"आले मामा," काकू म्हणाल्या.

त्याने तुळस पाटावर ठेवली. मी खूण केली तसा तिच्या मागे उभा राहिला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, त्याच्या टकलावरही. मग त्याने आहेर पुढे केला. एक रिकामी कुंडी, एकच माप मोठी.

काकूंनी ती उलटी करून खालची भोकं पाहिली. सरळ करून तुळशीपुढे ठेवली. ओटीचा नारळ तिच्यात घातला, वर खण ठेवला, आणि ओंजळीने तांदूळ सोडायला लागल्या. तांदूळ खालून पाटावर गळत होते. काकू घालतच राहिल्या.

वॉल्टर वाकून बघत होता. माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "ड्रेनेज चांगलं आहे."