धुक्यातलं घर आणि फुलाफुलांचं कोकरू

सोलापूरच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला अर्धं शहर लोटलं होतं. म्हणजे नरसय्या आला होता. नरसय्या माझा मित्र. मागावर भिंतीला लावायची चित्रं विणतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर आम्हा सोलापूरकरांना पाण्याचं चित्रसुद्धा गार वाटायचं, म्हणून त्याला समुद्र विणायचा होता.

"कोकणातलं एक घर, मागं समुद्र, सूर्य बुडताना. एवढा एक फोटो आण, बास," तो म्हणाला. "आन् तितं जरा गप बस. फोटो काढायला तोंड लागत न्हाय."

कोल्हापूरला गाडी बदलली. घाटात तिनं इतकी वळणं घेतली, की एका वळणावर मला आमच्याच गाडीची मागची पाटी वाचता आली.

मालवणच्या अलीकडे एका वाडीत उतरलो. समुद्राच्या काठावर हवं तसं घर उभं होतं: जांभ्या दगडाच्या तांबड्या भिंती, उतरती कौलं, पुढं सारवलेलं खळं (अंगण). घरच्या जानकीमावशींनी आधी जेवायला बसवलं. माशांचं सार आमच्या शेंगाचटणीपुढं म्हणजे बाळाचं औषध. पण दुसऱ्यांदा भात मागताना माझ्या डोळ्यांतून पाणी का वाहत होतं, ते विचारू नका.

सूर्य टेकायला आला, मी कॅमेरा उचलला आणि समुद्राकडून धुकं आलं. आमच्याकडे धुकं पाहुण्यासारखं येतं, चहाच्या वेळेला निघून जातं. हे आलं ते बिऱ्हाड घेऊन. खिशात हात घातला तर खिसाच सापडेना. डावीकडचा समुद्र उजवीकडून गाजायला लागला. सूर्य तर चारी बाजूंना बुडत होता. तेवढ्यात समोर एक भव्य उतरतं छप्पर तांबूस उजळलं. अहाहा! मी फोटोंवर फोटो ठोकले.

"पावण्यांनू, ती गवताची उडवी (गंजी). घर हयसर (इकडं) आसा," मागून जानकीमावशी म्हणाल्या.

पण त्या काही मला घर दाखवायला आल्या नव्हत्या. हातात कंदील होता. "माझो झिल (मुलगा) होडी घेवन गेलो, अजून परतलो नाय. हयसर खडपां (खडक) आसत. कंदील दिसूचो नाय." त्यांनी माझ्या फ्लॅशकडे बोट केलं. "तुमचो तो दिवो चमकता मा? तो लावा!"

फ्लॅशचा एक बल्ब एकदाच पेटतो, आणि बल्ब थोडेच उरले होते. नरसय्याच्या घराचा फोटो त्यांतच काढायचा होता. मी घराकडे, म्हणजे ते जिथं असावं तिकडे, एकदा पाहिलं आणि फ्लॅश समुद्रावर मारला. पांढरी भिंत उभी राहिली, विझली. पुन्हा मारला. मी घाबरलो की माझं तोंड सुटतं. माळशिरसच्या एका मेंढीनं सोलापुरी चादर कशी खाल्ली आणि तिला फुलाफुलांचं कोकरू कसं झालं, ते मी बोंबलून सांगत होतो. कुणाला, देव जाणे.

बल्ब संपले. मी गप झालो.

मावशींनी माझी बाही घट्ट धरली. "गप रवा नको! बोला!"

जन्मात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी कोकराच्या अंगावर वेलबुट्टी काढली, कडेला लाल काठ लावला, शेपटीला गोंडे बांधले. घसा फाटायला आला तेव्हा धुक्यातून वल्ह्यांचा आवाज आला.

पोरगा होडीतून उतरला. मी ऐटीत म्हणालो, "दिवा दिसला की न्हाय?"

"दिवो? खंयचो दिवो? माका कायच दिसला नाय. कोणतरी मेंढियेची गजाल (गोष्ट) सांगत होतो, त्या आवाजावर इलंय (आलो)." मग होडी वर ओढत म्हणाला, "त्या कोकराचा फुडे काय झाला?"

सकाळी सांगतो म्हणालो आणि पहिल्या एसटीनं पळालो. पुढचं मलाच कुठं ठाऊक होतं!

सोलापुरात फोटो धुऊन आले. आधी गवत, मग नुसतं पांढरं.

"घर कुटं हाय?" नरसय्यानं विचारलं.

"धुक्यात."

"आन् समुद्र?"

"त्याच्या मागं."

मग मी सगळं सांगितलं. त्यानं फोटो उलटासुलटा करून पाहिला. "होडी खोटी. खडक खोटे. तू बडबडत हुतास, तेवढं खरं. गप बस आता, चा पी."

सोलापुरात मला हे रोज कुणीतरी ऐकवतं. त्या दिवशी राग आला नाही. मी गुमान बशी तोंडाला लावली. नरसय्यानं माग सुरू केला, मधेच थांबवला.

"काय रे, त्या कोकराचं पुढं काय झालं?"

मी शर्टाची बाही सारखी केली. तिथं अजून मावशींच्या मुठीच्या चुण्या होत्या.